सुनंदाताईंच्या वतीनं दिलेलं उत्तर

हे मी सलग असं कुणालाच सांगितलेलं नाही. तुकड्यातुकड्यांनी सांगितलं — एक तुकडा डॉक्टरांना, एक सुनंदाताईंना, एक त्यांच्या मिस्टरांना. माझ्या नवऱ्याला, अजितला, त्यातला एकही नाही. आणि सगळ्यात तळाचा जो तुकडा आहे, तो कुणालाच नाही. तो आज काढतेय. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही — बरंच आहे ते.

आधी थोडं माझ्याबद्दल सांगते. हा वेळ काढणं आहे का? असेल. पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी सत्तेचाळीस वर्षांची. पुण्याची. गेली सोळा वर्षं ऑकलंडमध्ये, त्यातली सहा टाकानिनी ह्या उपनगरात — जिथं दर दोन-चार महिन्यांनी एक मोकळं रान संपतं आणि सारख्या तोंडवळ्याच्या घरांची एक नवी गल्ली सुरू होते. नोकरी शहरात, एका विमा कंपनीत. माझं काम असं, की ज्यांना सॉफ्टवेअर हवंय त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं आणि जे ते बनवतात त्यांना नीट समजावून सांगायचं. काही गाळायचं नाही, पदरचं काही घालायचं नाही. ह्याचे मला पैसे मिळतात. हसलात तरी चालेल.

आमच्या इथल्या मराठी मंडळींत इंग्रजीचं काही निघालं की माझं नाव निघायचं. शाळेचा फॉर्म, घरमालकाला पत्र, कुणाचा विम्याचा क्लेम. ‘मेधावहिनींना विचारा.’ मला ते आवडायचं. खूप आवडायचं. हेही सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्याची सुरुवात ह्या आवडीतूनच झाली.

आता दुसरी गोष्ट. हे सगळं सुरू झालं तेव्हा, म्हणजे गेल्या वर्षी, जवळजवळ वर्षभर माझ्या पाळीचं काही खरं नव्हतं. एकदा एकोणीस दिवसांनी, एकदा अडीच महिन्यांनी. फोनमधलं ॲप बिचारं गोंधळून गेलं होतं, दर थोड्या दिवसांनी विचारायचं — गरोदर आहात का? ह्या वयात! ऑफिसात मी काळ्या पँटशिवाय काही घालेनाशी झाले होते. मीटिंगला दाराजवळची खुर्ची धरायची. ड्रॉवरमध्ये एक जास्तीची पँट, गुंडाळी करून, जुन्या फाइलच्या मागे. मध्येच अंगातून वाफ निघाल्यासारखं व्हायचं आणि मी खोली गरम करणारा हीट पंप बंद करायचे, शेजारच्या टेबलावरचा मुलगा चालू करायचा, मी पुन्हा बंद. ह्यातलं काहीच नवं नाही. बायकांना होतंच हे ह्या वयात. पाळी जायच्या आधीची काही वर्षं अशी जातात, हे मला वाचून माहीत होतं.

पण दोन गोष्टी होत्या ज्या मी कुणाला सांगत नव्हते. दोन पाळ्यांच्या मध्येही डाग दिसायचे. आणि — हेही लिहूनच टाकते — नवऱ्याजवळ गेल्यानंतरही दिसायचे. अजितला मी कळू दिलं नाही. थकलेय म्हणायचे. खरंच थकलेली असायचेही.

माझ्या आईची धाकटी बहीण, कुमुदमावशी. तिचं असंच सुरू झालं होतं. घरात सगळे म्हणाले, वय झालं, असंच असतं. तिनंही तेच मानलं. कळलं तेव्हा करण्यासारखं फार काही उरलेलं नव्हतं. बावन्नाव्या वर्षी गेली. त्या आजाराचं नाव आमच्या घरात आजही कुणी मोठ्यानं घेत नाही. मी दोनदा डॉक्टरची वेळ ऑनलाइन घेतली आणि दोनदा रद्द केली. पहिल्यांदा ऑफिसचं काम होतं. दुसऱ्यांदा काहीच नव्हतं.

आणि मग सुनंदाताई.

त्या सांगलीकडच्या. त्यांचे मिस्टर, प्रकाशभाऊजी, डिझेल मेकॅनिक — ट्रकच्या वर्कशॉपमध्ये कामाला. वर्क व्हिसावर आले, मागोमाग ह्या आणि मुलगी श्रुती. आमच्या पलीकडच्या गल्लीत भाड्यानं राहतात. सुनंदाताई कांदे-बटाट्याच्या पॅकहाउसमध्ये सरकत्या पट्ट्याशी उभ्या राहून माल निवडतात. आठ तास उभं. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या, पण मला ‘वैनी’ म्हणतात, आणि कुठलीही गोष्ट सांगायच्या आधी एकदा आजूबाजूला बघतात.

गेल्या वर्षी मार्चमध्ये त्या घरी आल्या. स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. मला वाटलं, सवयीनं उभ्या. नंतर कळलं, माझ्या खुर्चीला डाग पडेल म्हणून.

“वैनी, पाळी थांबतच न्हाई हो. बारा-बारा दिवस. गठळ्या पडत्यात. डॉक्टरकडं याल का? श्रुतीला कसं नेऊ असल्या गोष्टीला? आणि ह्यांना तर इंग्लिश माझ्याएवढंच.”

मी लगेच हो म्हटलं. अर्धा दिवस रजा टाकली. नर्सनं आधी विचारलं होतं — फोनवर दुभाषी हवा का, मोफत असतो. मी म्हटलं, गरज नाही, मी आहे ना. अगदी ह्याच शब्दांत. मी आहे ना.

डॉक्टर तरुण होता. पस्तिशीचा असेल. ‘किआ ओरा’ असा इथला माओरी नमस्कार करून स्वतः दार उघडलं, सुनंदाताईंचं नाव दोनदा विचारून नीट म्हटलं. एक गोष्ट मला तेव्हाच जाणवली होती — प्रश्न विचारताना तो माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत होता. मी फक्त मधली होते. कसं असावं, तसंच ते होतं.

सुनंदाताई बोलायला लागल्या आणि मी सांगत गेले. बारा दिवस. गठळ्या. दम लागतो. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते. सगळं नीट. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “मध्ये पण जातंय, सांगा त्यांना. आणि ते... ह्यांच्याजवळ गेल्यावर पण. आणि इचारा वैनी, कॅन्सरचं न्हाई ना हे?”

माझ्याच तोंडचं वाक्य होतं ते. एक वर्ष माझ्या पोटात असलेलं, दुसऱ्याच बाईच्या तोंडून, दिवसाढवळ्या, एका खोलीत.

मी काही बोलायच्या आत डॉक्टरनंच विचारलं. त्याला मराठीतलं काही कळलं नव्हतं. तो फक्त त्याच्या क्रमानं पुढच्या प्रश्नावर आला होता — दोन पाळ्यांच्या मध्ये रक्तस्राव होतो का? संबंधानंतर?

मी म्हटलं, नो.

सुनंदाताईंना विचारलं नाही. त्यांच्याकडे बघितलंही नाही. नो म्हटलं, आणि त्यानं ते टाइप केलं. मला कीबोर्डचा आवाज आला.

सांगून टाकलं. आता पुढचं सोपं आहे असं वाटेल तुम्हाला. नाही.

डॉक्टरनं रक्त कमी जाण्याच्या गोळ्या लिहून दिल्या, लोहाच्या गोळ्या दिल्या, रक्ताची तपासणी सांगितली. आतून तपासायचं का असंही विचारलं. मी सुनंदाताईंना म्हटलं, तपासणी आत्ता नको ना? त्या माझ्याकडे बघून नको म्हणाल्या. त्याला वाटलं, पाळी चालू आहे म्हणून. तो म्हणाला, सहा आठवड्यांनी परत या, तेव्हा करू. बाहेर आल्यावर सुनंदाताईंनी विचारलं, “काय म्हणाले? ते इचारलं का?” मी म्हटलं, विचारलं. वयामुळे होतं म्हणाले. काळजीचं काही नाही. बरं वाटलं नाही तरच परत या.

ही चारही वाक्यं मी रचली. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, सुटले बाई. मला कोपऱ्यावरच्या दुकानातून आइस्क्रीम घेऊन दिलं त्यांनी. मी ते खाल्लं.

पुढचे सात महिने कसे गेले? गोळ्यांनी थोडा फरक पडला, मग पडेनासा झाला. त्या मध्येमध्ये विचारायच्या — कधी भाजीच्या दुकानात भेटल्यावर, कधी फोनवर. “अजून जातंय हो वैनी.” आणि मी काय म्हणायचे माहीत आहे? “वय आहे ताई. मलाही होतं. मी कुठे डॉक्टरकडे पळते?” माझं उदाहरण द्यायचे. शिकलेली, ऑफिसात जाणारी बाई घाबरत नाही, मग आपण कशाला घाबरायचं — असं त्यांना वाटायचं. वाटावं म्हणूनच मी म्हणायचे.

ऑक्टोबरमध्ये त्या पॅकहाउसमध्ये पट्ट्याशेजारीच चक्कर येऊन पडल्या. प्रकाशभाऊजींचा मला फोन आला, मी ऑफिसातून तशीच हॉस्पिटलला गेले. इमर्जन्सीत पडदे लावलेल्या खाटा असतात ना, त्यातल्या एका पडद्याबाहेर पोचले आणि आतून एका बाईचा मराठी आवाज आला. स्वच्छ, शांत, फोनच्या स्पीकरवरून येणारा. दुभाषी. ह्या वेळी त्यांनी फोनवर दुभाषी घेतला होता.

मी आत गेले नाही. पडद्याबाहेर उभी राहिले.

आवाजानं विचारलं, “ताई, डॉक्टर विचारतायत, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जातं का?” सुनंदाताई म्हणाल्या, जातं. “संबंधानंतर?” जातं. “हे तुम्ही तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगितलं होतं का?” सुनंदाताई म्हणाल्या, “सांगितलं होतं की. मार्चमध्येच.” मग थोडा वेळ इंग्रजीत बोलणं. मग तोच शांत आवाज — “ताई, त्यांच्या नोंदीत दोन्हीला ‘नाही’ लिहिलंय.”

सुनंदाताई म्हणाल्या, “त्यांच्या लिहिण्यात चुकलं असंल.”

माझ्यावर त्यांना संशयसुद्धा आला नाही. मी गाडीत जाऊन बसले. वीस मिनिटांनी केळी आणि ज्यूस घेऊन परत आले, आताच पोचल्यासारखी. प्रकाशभाऊजी रागानं लाल झाले होते. म्हणाले, त्या पोरगेल्या डॉक्टरनं ऐकूनच घेतलं नाही, बघा. मी म्हटलं, “इथले डॉक्टर घाईत असतात.” एवढं सहज निघालं ते तोंडातून.

आठवड्यानं भाऊजी घरी आले. तक्रार करायची म्हणाले, त्या डॉक्टरविरुद्ध. इंग्रजीत नीट लिहून द्यायला हवी होती. कुणाकडे येणार? माझ्याकडेच आले. माझ्या डायनिंग टेबलाशी बसून त्यांनी मला मजकूर सांगितला आणि मी लॅपटॉपवर दोन ओळी लिहिल्यासुद्धा. मग माझ्या लक्षात आलं, चौकशी झाली तर पहिला प्रश्न काय असेल. त्या दिवशी दुभाषी कोण होतं?

मी लॅपटॉप बंद केला. म्हटलं, “भाऊजी, तुमची इथं कायम राहायची, रेसिडेन्सीची फाइल इमिग्रेशनकडे आहे ना अजून? आत्ता कुणाविरुद्ध काही कशाला? उगाच कुठेतरी नोंद राहते.”

असा काहीही संबंध नसतो. मला तेव्हाही माहीत होतं. भाऊजींचा चेहरा मात्र एकदम उतरला. त्यांनी दोन्ही हात टेबलावरून काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाले, बरं झालं सांगितलंत. चहा न घेता गेले.

दिवाळीच्या फराळाला आमच्या गोतावळ्यात त्या डॉक्टरचं नाव निघालं. त्याच्याकडे जाऊ नका, ऐकून घेत नाही, असं एक जण म्हणाली, दुसरीनं मान डोलावली. मी चकलीची ताटली पुढे केली.

तिकडे सुनंदाताईंच्या तपासण्या चालल्या होत्या. शिरेतून लोह दिलं. सोनोग्राफी झाली. गर्भाशयाच्या अस्तराचा बारीक नमुना काढून घेतला — त्याला पाच मिनिटं लागली म्हणाल्या, दुखलं, पण बाळंतपणासमोर काहीच नाही. मग निकालाची वाट. दोन आठवडे. त्या दोन आठवड्यांत माझं वजन उतरलं. अजित म्हणाला, डाएट चांगलं चाललंय.

निकाल आला तेव्हा मी सकाळच्या ट्रेनमध्ये होते, ऑफिसला जाताना. सुनंदाताईंचा आवाजी मेसेज. “वैनी, कॅन्सर न्हाई म्हणाले. आत एक पॉलिप आलावता, बारकी गाठ, ती काढत्यात. अस्तर जाड झालंय, त्याला तांबीसारखी हार्मोनची कॉइल बसवायची. बाकी काय न्हाई.”

मी रडायला लागले. भरल्या डब्यात, हुंदके देऊन. समोरच्या बाईनं टिश्यू दिला, बरी आहेस ना विचारलं. मी म्हटलं, चांगली बातमी आहे.

आणि तेव्हा मला दिसलं — कुणाची चांगली बातमी? मेसेज ऐकल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं होतं? ‘त्यांना नाही, म्हणजे मलाही नसेल.’ हे आलं होतं. सुनंदाताई वाचल्या, हे त्याच्या नंतर.

हाच तो तळाचा तुकडा. मी ‘नो’ का म्हटलं? तरुण पुरुष डॉक्टरसमोर लाज वाटली, असं मी स्वतःला सांगत आले. लाज वाटली नव्हती. मी ‘हो’ म्हटलं असतं तर त्याचा चेहरा बदलला असता, आणि तो बदल मला बघायचा नव्हता, कारण तो माझ्यासाठीही असता. आणि मग ते सात महिने — त्या मला जेव्हा जेव्हा म्हणायच्या ‘अजून जातंय’, तेव्हा मला आत कुठेतरी धीर यायचा. त्यांना माझ्यासारखंच होतंय, आणि त्या चालतायत, कामावर जातायत, भाजी घेतायत. त्यांना काही होत नाही तोवर मलाही काही नाही. मी त्यांच्यावर नजर ठेवून होते. एका बाईला मी पुढे चालायला लावलं आणि मागे उभी राहून बघत होते, की जमीन खचते का.

मावशीची भीती होती, खरं आहे. पण भीती मला होती. त्यात पुढे मी त्यांना ढकललं.

त्याच दिवशी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मी वेळ घेतली. त्याच दवाखान्यात, त्याच डॉक्टरची. रद्द केली नाही.

त्यानं तोच प्रश्न विचारला, त्याच क्रमानं. मी म्हटलं, हो. दोन्हीला हो. किती दिवस? दोन वर्षं होत आली. त्याचा चेहरा फारसा बदललाही नाही, बघा. त्यानं मान हलवली, टाइप केलं, म्हणाला की बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण तपासायला हवं. एवढ्यासाठी मी इतकं केलं होतं.

मग मी म्हटलं, मला आणखी एका पेशंटबद्दल सांगायचंय. तो म्हणाला, मी ऐकू शकतो, त्यांच्याबद्दल काही बोलू मात्र शकत नाही. मी सांगितलं. मार्चमधलं उत्तर माझं होतं, त्यांचं नव्हतं. तो खुर्चीत मागे टेकला. मग म्हणाला, “सांगितल्याबद्दल थँक्यू. मी खूप विचार करत होतो, मी काय चुकलो म्हणून.” आणि त्यानं ते नोंदीत घातलं. मी समोर बसून तो टाइप करताना बघितलं. निघताना म्हणाला, “तुम्ही त्यांना सांगायला हवं. मी नाही.”

सांगायला मला नऊ दिवस लागले. शनिवारी सकाळी गेले. सुनंदाताई मागच्या अंगणात मेथी खुडत बसल्या होत्या, टबात लावलेली. आता पूर्वीसारख्या पांढऱ्याफटक दिसत नव्हत्या. कॉइल नुकतीच बसली होती. मी सांगितलं. त्या खुडत राहिल्या, मग थांबल्या.

“म्हंजे त्यांनी इचारलं होतं.”

“हो.”

“आणि तुम्ही मला इचारलंच न्हाई.”

“नाही.”

“का?”

मी म्हटलं, लाज वाटली. बघा — तिथंही. तिथंसुद्धा. बायकांत लाज चालते, लाजेला माफी असते, हे मला माहीत होतं.

त्या म्हणाल्या, “मला न्हाई वाटली लाज. मी बोलले ना तुमच्यासमोर सगळं.” मग खुडलेली मेथी पाटीत टाकत — “सात महिने मी खाली प्लास्टिक अंथरून झोपले वैनी. श्रुतीला वाटायचं आईला कायतरी झालंय आणि आई सांगत न्हाई.” मग पाटी उचलून म्हणाल्या, “जावा तुम्ही आता.”

मी गेले.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत भाऊजींच्या वर्कशॉपवर गेले. सांगितलं की तक्रारीचा व्हिसाशी काही संबंध नसतो, मी खोटं बोलले होते, तक्रार करायची तर मी माझी बाजू लिहून सही करून देईन. ते चिंधीनं हात पुसत ऐकत होते, एकेक बोट पुसत. म्हणाले, “आता करू कुणाविरुद्ध? त्या पोराची तर चूकच न्हाई.” मग म्हणाले, “तुमच्यावर आम्ही डोळं झाकून...” आणि वाक्य तिथंच ठेवून ट्रकखाली गेले.

माझं काय निघालं? सांगते, नाहीतर तुम्ही अडकून राहाल. तपासलं, सोनोग्राफी झाली, माझाही नमुना घेतला. गर्भाशयाच्या तोंडाशी एक पॉलिप होता, मसुराएवढा, तो त्यांनी तिथल्या तिथं काढून टाकला. बाकी सगळं साफ. मग डॉक्टरनं समोर बसून सांगितलं की काय काय करता येतं. रक्त कमी जाण्याच्या गोळ्या, फक्त त्या दिवसांत घ्यायच्या. हार्मोनच्या गोळ्या. कॉइल, जी काही वर्षं तशीच राहते. वाफा आणि झोप ह्यासाठी कातडीवर लावायचे पॅच, त्याचे फायदे, त्याचे धोके, माझ्या घरातला मावशीचा इतिहास धरून. आणि काहीच नको असेल तर नुसती वाट बघणं, आता तपासून झाल्यावर तेही चालतं म्हणाला. मी कॉइल घेतली. पहिले तीन महिने डाग पडत राहिले, पुढचे महिने जवळजवळ काहीच नाही. परवा मी राखाडी पँट घालून ऑफिसला गेले. दुपारपर्यंत माझ्या लक्षातही आलं नाही, की मी दारापासून लांबच्या खुर्चीत बसलेय.

हलकं वाटतं. ते लपवून काय करू? मला वाटलं होतं सांगितल्यावर जीव जाईल, आणि प्रत्यक्षात मी त्या शनिवारी घरी येऊन वरण-भात दोनदा वाढून घेतला आणि भर दुपारी तीन तास झोपले. अपराधी माणसाला इतकी गाढ झोप लागावी का, माहीत नाही. लागली.

ओळखीच्या ज्या बायका त्या डॉक्टरला नावं ठेवत होत्या, त्यांना मी म्हटलं, मी त्याच्याकडेच जाते, चांगला आहे, नीट ऐकतो. इतकं मी ज्याला त्याला सांगते. का ते अजून सांगितलेलं नव्हतं.

सुनंदाताई माझ्याकडे आता इंग्रजीचं काम आणत नाहीत. लायब्ररीतल्या इंग्रजीच्या वर्गाला जातात, आणि दवाखान्यात फोनवरचा दुभाषी मागून घेतात — स्वतः, काउंटरवर उभं राहून, इंग्रजीत. श्रुतीनं सांगितलं मला हे, बसस्टॉपवर. पॅकहाउसमध्ये पट्ट्याचं काम सोडवून त्यांना वजनकाट्याचं, बसून करायचं काम दिलंय. रस्त्यात दिसले तर मान हलवतात. मी तपासून घेतल्याचं कुणाकडून तरी कळलं असावं, मध्यंतरी एकदाच मेसेज आला होता. ‘तुमचा रिपोर्ट आला का’ एवढाच, पुढे प्रश्नचिन्हही नाही. मी लिहिलं, आला, सगळं ठीक आहे. त्यांनी काही उत्तर दिलं नाही, पण मेसेज वाचल्याची खूण लगेच आली.

लाज वाटली, हे मी त्यांना सांगितलेलं शेवटचं खोटं. खरं काय ते वर लिहिलंय. हे वाचून त्या मान हलवायच्याही बंद होतील कदाचित. ते त्यांचं त्या ठरवतील.

आज संध्याकाळी अजितला वाचायला देईन. उद्या सकाळी ही पानं पाकिटात घालून सुनंदाताईंच्या हातात देईन आणि परत येईन, थांबणार नाही. अनोळखी माणसाला सांगतेय असं धरून लिहिलं, नाहीतर लिहून झालं नसतं; पण लिहिलंय मराठीत. त्यांना वाचायला मध्ये कुणी लागणार नाही.